चांदीच्या नॅनोतारा : पारदर्शक विद्युत् अग्रांचा नवा मार्ग



काच पारदर्शक असते, पण तिच्यातून वीज वाहत नाही. तांब्याच्या पत्र्यातून वीज सुखाने वाहते, पण पलीकडचे काही दिसत नाही. निसर्गाने हे दोन गुण सहसा एका पदार्थात ठेवलेले नाहीत, आणि त्याला तसेच कारण आहे. धातूमध्ये जे मुक्त इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यामुळे तो विजेचा उत्तम वाहक होतो. परंतु तेच इलेक्ट्रॉन त्याच्यावर पडणारा प्रकाश परतवून लावतात. म्हणून धातू चकाकतो आणि म्हणूनच तो अपारदर्शक असतो.

तथापि आजच्या व्यवहारात असे कित्येक प्रसंग येतात की, जेथे हे दोन्ही गुण एकाच ठिकाणी हवे असतात. मोबाईल फोनच्या पडद्याला बोट लावताच त्या जागी विद्युत् भारात सूक्ष्म बदल होतो आणि यंत्राला तो कळतो. हा बदल टिपणारा वाहक थर पडद्यावरच असावा लागतो. परंतु त्याच्या खालचे चित्र तर स्पष्ट दिसले पाहिजे. पातळ थरांच्या सौर घटांत सूर्यप्रकाश आत शिरावा आणि निर्माण झालेली वीज बाहेर यावी, हे दोन्ही एकाच पृष्ठभागातून साधावे लागते. अशा वाहक परंतु आरपार दिसणाऱ्या थराला पारदर्शक विद्युत् अग्र असे म्हणतात. शाळा, बँका, तिकीट खिडक्या आणि ग्रामपंचायतीची कार्यालये येथे जी स्पर्शपडद्याची यंत्रे आली आहेत, त्या सर्वांच्या दर्शनी भागावर हा न दिसणारा थर आपले काम करीत असतो.

इंडियमवरील अवलंबन

गेल्या काही दशकांत हे काम मुख्यतः एकाच पदार्थाने केले आहे. त्याचे नाव इंडियम टिन ऑक्साइड. वजनाने सुमारे ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के कथिलाचे ऑक्साइड असे त्याचे प्रमाण असते. निर्वात पात्रात या मिश्रणाच्या वडीवर आयनांचा मारा करून तिचे कण उडवितात आणि काचेवर त्यांचा अतिशय पातळ थर बसवितात. हा थर प्रकाश जवळजवळ अडवीत नाही आणि वीजही बऱ्यापैकी वाहून नेतो. आजही बहुसंख्य पडद्यांवर हाच थर असतो आणि त्याची गुणवत्ता निःसंशय चांगली आहे.

मग पर्यायाची आवश्यकता का भासावी? याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण धातूच्या पुरवठ्याचे. इंडियमचा शोध १८६३ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे फर्डिनांड राइख आणि थिओडोर रिख्टर यांनी जस्ताच्या धातुकात लावला. त्याच्या वर्णपटात निळीच्या रंगाची ठळक रेषा दिसली, म्हणून त्याचे नाव इंडियम पडले. आणि निळीला युरोपात जे नाव मिळाले ते भारतावरून. नावात भारत असलेल्या या धातूच्या प्रमुख उत्पादकांत मात्र भारत नाही. चीन, दक्षिण कोरिया आणि जपान हे त्यांतील अग्रेसर देश होत. इंडियमची स्वतंत्र खाण नसते. जस्त शुद्ध करताना तो उपपदार्थ म्हणून मिळतो. त्यामुळे त्याची मागणी वाढली तरी केवळ त्याच्यासाठी खाणकाम वाढत नाही. जगात वर्षाला सुमारे १,००० टन इंडियम शुद्ध केले जाते. चांदीचे खाणींतील उत्पादन सुमारे २५,००० टन आहे. भारत सरकारच्या खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये देशासाठी निर्णायक महत्त्वाच्या ३० खनिजांची सूची प्रसिद्ध केली, तीत इंडियमचा समावेश आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने इंडियमच्या काही संयुगांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. ही संयुगे पडद्यावरील थराची नव्हेत; तरीही पुरवठा थोड्या हातांत एकवटला की काय होऊ शकते, याची त्यावरून कल्पना येते.

दुसरे कारण ठिसूळपणाचे. इंडियम टिन ऑक्साइड हा धातू नसून एक प्रकारचे चिनी मातीसारखे द्रव्य आहे. काचेवर ते उत्तम राहते. परंतु लवचिक प्लॅस्टिकवर बसवून वाकविले की त्याला तडे जातात आणि विजेची वाट तुटते.

तिसरे कारण खर्चाचे. निर्वात पात्रे, पंप आणि त्यांची देखभाल यांना मोठे भांडवल लागते. शिवाय उडविलेल्या द्रव्याचा बराचसा भाग काचेवर न बसता पात्राच्या भिंतींवर जातो व तो पुन्हा गोळा करून शुद्ध करावा लागतो.

तार ओढणे आणि तार वाढविणे

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. धातूचा अखंड पत्रा प्रकाश अडवितो हे खरे; पण धातूची जाळी अडवीत नाही. खिडकीला लावलेल्या डासांच्या जाळीतून अंगणातील झाड दिसते आणि जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार मात्र सलग असते. ही जाळी इतक्या बारीक तारांची केली की डोळ्यांना तिचे अस्तित्वच जाणवू नये, तर पारदर्शकता आणि विद्युत् वहन या दोहोंचा मेळ बसेल. सर्व मूलद्रव्यांत चांदी ही विजेची सर्वांत चांगली वाहक असल्यामुळे निवड साहजिकच तिच्यावर आली.

चांदीची तार महाराष्ट्राला नवी नाही. पैठणीच्या जरीत परंपरेने चांदीची तार वापरली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी तर चांदीच्या दागिन्यांसाठीच ओळखली जाते. कारागीर तार काढतो ती ओढून. पोलादी पट्टीला क्रमाने लहान होत जाणारी छिद्रे असतात, त्यांतून चांदीची कांब ओढीत ओढीत बारीक करावयाची, अशी ही रीत आहे. परंतु या मार्गाला मर्यादा आहे. तार फारच बारीक झाली की ओढ सहन न होऊन ती तुटते. विद्युत् अग्रासाठी जी तार हवी तिची जाडी साधारण ५० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर ही तार केसाच्या सोळाशेव्या हिश्श्याइतकी बारीक ठरते. तिच्या रुंदीत चांदीचे जेमतेम पावणेदोनशे अणू मावतात.

अशी तार ओढून निघणार नाही. ती वाढवावी लागते. दोऱ्यावर खडीसाखर धरते, त्याप्रमाणे चांदीचा एकेक अणू बसवीत तिचा स्फटिक विद्रावात वाढू द्यावयाचा. परंतु तो चहूबाजूंनी न फुगता एकाच दिशेने लांब होत जावा, अशी योजना करावयाची. या विषयाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

चंचुपात्रातील प्रक्रिया

या रीतीचा पाया फ्रान्समध्ये घातला गेला. फिएवे, लागिए आणि फिगलार्झ या रसायनशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये असे दाखविले की, ग्लायकॉलसारखे द्रव तापविले असता त्यांत विरघळलेल्या धातूच्या लवणांचे क्षपण होऊन शुद्ध धातूचे सूक्ष्म कण मिळतात. येथे द्रव हा विद्रावकही असतो आणि क्षपणकारकही. पुढे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात यूनान शिया आणि त्यांचे सहकारी युगांग सुन यांनी २००२ मध्ये याच रीतीने चांदीच्या नॅनोतारा वाढवून दाखविल्या. प्रारंभी त्यांनी प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म बीजांचे साहाय्य घेतले होते. नंतरच्या संशोधनात त्याची गरज उरली नाही.

प्रक्रिया ऐकावयास साधी आहे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये गोठणविरोधी म्हणून जे इथिलीन ग्लायकॉल वापरतात, तेच शुद्ध स्वरूपात घेऊन सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमानावर तासभर ढवळत ठेवतात. हवेतील ऑक्सिजनमुळे त्याच्या अल्पशा भागाचे ग्लायकॉलाल्डिहाइड बनते, आणि क्षपणाचे काम मुख्यतः तेच करते. नंतर त्यात लेशमात्र क्लोराइड, पॉलिव्हिनिल पायरोलिडोन नावाचे एक बहुवारिक आणि शेवटी सिल्व्हर नायट्रेटचा विद्राव थेंबाथेंबाने घालतात. द्रवाला प्रथम पिवळसर छटा येते, कारण चांदीचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश शोषून घेतात. पुढे तो करडा होत जातो. ढवळले असता त्यात रेशमासारख्या लकाकणाऱ्या रेषा दिसू लागल्या की तारा तयार झाल्या असे समजावे.

आत काय घडते? चांदीचे अणू प्रथम एकत्र येऊन बीजे तयार करतात. ही बीजे सगळी सारखी नसतात. काही एकसंध स्फटिक असतात, तर काहींत पाच तुकडे एका अक्षाभोवती जुळून यमल स्फटिक झालेले असतात. अशा पंचयमल बीजापासूनच तार निघते. तिचा आडवा छेद म्हणूनच पंचकोनी असतो. पॉलिव्हिनिल पायरोलिडोनचे रेणू या स्फटिकाच्या बाजूंना घट्ट चिकटतात आणि टोकांना तितकेसे चिकटत नाहीत. बाजू झाकल्या गेल्यामुळे नवे अणू टोकांवर बसतात आणि तार दोन्ही दिशांना लांबत जाते.

क्लोराइडचे कार्य यापेक्षाही सूक्ष्म आहे. ते चांदीच्या आयनांना काही काळ बांधून ठेवते आणि हळूहळू सोडते. त्यामुळे एकदम असंख्य बीजे न बनता थोडी बीजे बनून ती नीट वाढतात. शिवाय ऑक्सिजनच्या जोडीने ते नको असलेली बीजे विरघळवूनही टाकते. शेतकरी दाट उगवलेल्या पिकाची विरळणी करतो, तसेच हे होय. मात्र प्रमाण चुकले की तारांऐवजी नुसते घनाकृती वा गोल कण हाती येतात. ग्लायकॉलमधील लेशमात्र लोहानेही उत्पादनाचा आकार बदलतो, हे याच संशोधक गटाने २००५ मध्ये दाखवून दिले. ढवळण्याचा वेग, भांड्याची स्वच्छता, थेंब सोडण्याची गती या सर्वांचा परिणाम होतो. कृती कागदावर चार ओळींची असली, तरी हाताला ती बसेपर्यंत पुष्कळ वेळ द्यावा लागतो.

तयार झालेल्या तारा ॲसिटोन व अल्कोहोल यांनी धुऊन, केंद्रोत्सारक यंत्राने वा गाळणीने वेगळ्या करतात. मग त्यांची पातळ शाई बनवितात. ही शाई प्लॅस्टिकच्या लांबच लांब गुंडाळीवर पसरविता येते. वर्तमानपत्राचा कागद छपाईयंत्रातून जावा तशी गुंडाळी पुढे सरकत राहते आणि तिच्यावर विद्युत् अग्राचा थर बसत जातो. निर्वात पात्राची येथे आवश्यकता नसते.

खळ्यावरील धाटांचा दृष्टांत

या तारा कोणी एकेक करून मांडीत नाही. त्या जशा पडतील तशा पडतात. मग वीज एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचेलच, याची खात्री काय? याचे उत्तर गणिताने दिले आहे, आणि ते समजण्यास खळ्याचा दृष्टांत उपयोगी पडेल.

दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे खळे आहे, अशी कल्पना करावी. त्यावर एक मीटर लांबीची ज्वारीची धाटे वाटेल तशी फेकावयास आरंभ केला. प्रथम ती सुटी सुटी पडतील. हळूहळू काही एकमेकांना शिवतील. एक वेळ अशी येईल की, मुंगीला जमिनीवर न उतरता धाटांवरूनच खळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाता येईल. ही वेळ येण्यास सुमारे ५६४ धाटे लागतात. आता धाटे दोन मीटर लांबीची घेतली तर किती लागतील? निम्मी लागतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सुमारे १४१, म्हणजे केवळ एक चतुर्थांश पुरतात. एकूण लांबीचा हिशेब केला तर ५६४ मीटरऐवजी २८२ मीटर धाटांत काम भागले. लांबी दुप्पट केल्याने सामग्री निम्मी लागली.

चांदीच्या तारांनाही हाच नियम लागू पडतो. मुंगीच्या जागी वीज आहे, एवढाच फरक. तार जितकी लांब, तितकी चांदी कमी लागते आणि तितका प्रकाशही कमी अडतो. ५० नॅनोमीटर जाडीची तार २५ मायक्रोमीटर लांब झाली, तर तिची लांबी जाडीच्या पाचशे पट होते. एक सेंटिमीटर जाडीची काठी पाच मीटर लांब असावी, असे हे प्रमाण आहे. चंचुपात्रात तारा लांब व बारीक वाढविण्याचा एवढा खटाटोप का केला जातो, हे यावरून स्पष्ट होईल.

एक ग्रॅम चांदीपासून अशा ५० नॅनोमीटरच्या तारा काढून त्या टोकाला टोक लावून ठेवल्या, तर त्यांची लांबी ४८,००० किलोमीटरपेक्षा अधिक भरेल. पृथ्वीचा विषुववृत्तीय परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. प्रत्यक्ष थरासाठी एका चौरस मीटरला काही दशक मिलिग्रॅम, फार तर शंभर मिलिग्रॅमच्या आसपास चांदी लागते. म्हणजे एका ग्रॅममध्ये निदान दहा चौरस मीटरचे विद्युत् अग्र होऊ शकते. याउलट १५० नॅनोमीटर जाडीच्या इंडियम टिन ऑक्साइडच्या थरात दर चौरस मीटरला सुमारे पाऊण ग्रॅम इंडियम असते. चांदी मौल्यवान असूनही हा मार्ग परवडतो, तो यामुळे.

उणिवा आणि त्यांवरील उपाय

नव्या वस्तूचे गुण सांगताना तिच्या उणिवा झाकून ठेवणे योग्य नव्हे. विशेषतः सार्वजनिक पैशातून यंत्रे खरेदी करणाऱ्यांना तर त्या माहीत असल्याच पाहिजेत.

पहिली अडचण तारांच्या सांध्यांची. तारा एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल पायरोलिडोनची झिल्ली राहिलेली असते. वाढीच्या वेळी साहाय्यभूत ठरलेले हेच द्रव्य आता विजेच्या वाटेत आडवे येते. यासाठी तारा काळजीपूर्वक धुतात, थर दाबतात, सौम्य उष्णता देतात किंवा प्रकाशाचा तीव्र झोत टाकून सांधे जोडतात. उष्णता मात्र बेताने द्यावी लागते. चांदी ९६२ अंशांना वितळते. परंतु इतकी बारीक तार त्याच्या पुष्कळ आधीच तुटून मण्यांची माळ विखुरावी तशी होते.

दुसरी अडचण काळवंडण्याची. देवघरातील चांदीचे निरांजन काही दिवसांत काळे पडते, कारण हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे त्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर जमतो. निरांजन घासून लख्ख करता येते. पण ५० नॅनोमीटरच्या तारेवर हीच क्रिया झाली तर घासावयास तार शिल्लक राहणार नाही. म्हणून तारांच्या थरावर संरक्षक लेप द्यावा लागतो, आणि वस्तूचे आयुष्य पुष्कळ अंशी या लेपावर अवलंबून असते.

तिसरी अडचण धूसरपणाची. तारांमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन होऊन पडद्यावर किंचित दुधाळ छटा येते. तारा जितक्या बारीक तितकी ही छटा कमी. गंमत अशी की, सौर घटाला हीच गोष्ट उपकारक ठरते, कारण विखुरलेला प्रकाश घटाच्या आत अधिक अंतर चालतो. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी गुण होतो.

तांब्याच्या तारांचाही प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात बेंजामिन वायली यांच्या गटाने २०१० मध्ये पाण्याच्या माध्यमात तांब्याच्या नॅनोतारा वाढवून त्यांचे पारदर्शक थर तयार केले. तांबे चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि विद्युत् वहनात थोडेच उणे आहे. परंतु ते हवेत लवकर ऑक्सिडीभूत होते आणि ही रीत हायड्रॅझिनसारख्या विषारी द्रव्यावर अवलंबून आहे. स्वस्त धातूची खरी किंमत काढताना या गोष्टीही हिशेबात धराव्या लागतात.

चांदीचे आयन जलचर जीवांना घातक असतात, हेही विसरता कामा नये. नॅनोतारांच्या कारखान्याचे धुण्याचे पाणी ओढ्यात सोडणे म्हणजे मौल्यवान धातू वाया घालविणे आणि पाणीही बिघडविणे होय. त्यातील चांदी परत मिळविता येते, आणि ती मिळविणे हे उद्योगाच्याही हिताचे आहे.

भारतीय प्रयोगशाळांचा वाटा

या क्षेत्रात भारत केवळ प्रेक्षक राहिलेला नाही. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले आणि अनेक विद्यापीठांना व संस्थांना त्यातून साहाय्य मिळाले. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. जी. यू. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूच्या जाळीचे पारदर्शक विद्युत् अग्र निराळ्याच मार्गाने साधले. उन्हाळ्यात तळे आटले की तळाच्या चिखलाला भेगा पडून त्यांची जाळी तयार होते. तशाच भेगा पडणारा एक पातळ लेप काचेवर द्यावयाचा, त्या भेगांत धातू बसवावयाचा आणि मग लेप धुऊन काढावयाचा, अशी ही युक्ती आहे. मागे राहते ती धातूची सलग जाळी. तीत सुटे सांधे नसल्यामुळे सांध्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

धातूचा स्फटिक हव्या त्या आकारात वाढविण्याचे एक उल्लेखनीय उदाहरण पुण्याचेही आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या लवणाचे क्षपण करून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण वाढविले. ते काम विद्युत् अग्रांसाठी नव्हते; परंतु विद्रावात काय मिसळले असता स्फटिक कोणत्या बाजूने वाढतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. घरोघरच्या परसातील गवताने त्याचे एक उत्तर दिले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी अशी आहे.

चांदीचा धातूही देशाला परका नाही. राजस्थानातील शिसे व जस्त यांच्या खाणींतून ती मोठ्या प्रमाणावर मिळते. अर्थात देशाची एकूण मागणी आयातीशिवाय भागत नाही, आणि केवळ धातू हाती असल्याने विद्युत् अग्र तयार होत नाही, हेही तितकेच खरे. चांदीची वीट आणि चांदीच्या नॅनोतारांची शाई यांत धातू एकच असतो. किमतीत जो प्रचंड फरक पडतो, तो वाढविण्याच्या विद्येचा असतो. ती विद्या नसेल तर देश वीट विकील आणि शाई विकत घेईल.

शिक्षकांच्या हाती असलेले कार्य

या विद्येचा आरंभ आपल्या उच्च माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. अल्डिहाइड ओळखण्याची रजत दर्पण चाचणी तेथे केली जाते. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये ग्लुकोज घालून परीक्षानळी कोमट पाण्यात धरली की आतून चांदीचा आरसा चढतो. नॅनोतारांच्या पात्रात चालते तेच हे क्षपण. फरक इतकाच की, आरशात चांदी सर्व बाजूंनी बसते आणि तारेत ती एकाच दिशेने बसते. शिक्षकांनी ही चाचणी केवळ गुणांसाठी न करून घेता हा फरक विद्यार्थ्यांना समजावून दिला, तर पाठ्यपुस्तकातील एक ओळ आजच्या उद्योगाशी जोडली जाईल.

या चाचणीचा विद्राव दरवेळी ताजा करावा आणि काम संपताच नष्ट करावा. तो साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक द्रव्य तयार होण्याचा धोका असतो. उरलेला विद्राव लगेच नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात साधे मीठ घातले की चांदी पांढऱ्या सिल्व्हर क्लोराइडच्या रूपाने तळाशी बसते. हा साका गाळून वेगळ्या बाटलीत जमवीत गेल्यास चांदी वाया जात नाही आणि सांडपाणीही बिघडत नाही. धुण्याच्या पाण्यातील चांदी परत मिळविण्याची जी शिस्त उद्योगाला लागते, तिचाच हा धडा होय. धाटांचा प्रयोग तर काडेपेटीतील काड्या घेऊन खडूने आखलेल्या चौकोनात कोणत्याही खेड्यातील शाळेत करता येईल. किती काड्यांनंतर दोन कडा जोडल्या गेल्या, ते प्रत्येक विद्यार्थ्याने मोजावे आणि सर्वांची सरासरी काढावी. एकाचा आकडा फसेल, परंतु वर्गाची सरासरी गणिताच्या उत्तराजवळ येऊ लागेल.

स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. स्पर्शपडदा वा पातळ थराचा सौर घट खरेदी करताना केवळ किंमत न पाहता थराचे आयुष्य, दमट व गंधकयुक्त हवेत तो किती टिकतो, आणि निकामी झाल्यावर त्यातील धातू परत घेण्याची काय व्यवस्था आहे, हे प्रश्न विचारावेत. निकामी उपकरणे भंगारात न टाकता मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवावीत. इंडियम असो वा चांदी, एकदा जमिनीतून काढलेला धातू कचऱ्यात हरवू न देणे हे कर्तव्य गावपातळीवरही पार पाडता येण्यासारखे आहे.

चांदीच्या नॅनोतारा इंडियमला सर्वस्वी दूर सारतील, असे भाकीत करण्याचे कारण नाही. काचेच्या सपाट पडद्यावर जुना थर आपली जागा टिकवून आहे. परंतु जेथे पडदा वाकवावयाचा आहे, जेथे थर मोठ्या क्षेत्रावर छापावयाचा आहे, तेथे ही बारीक तार आपली उपयुक्तता सिद्ध करू लागली आहे. तिला लागणारी सामग्री फार नाही : एक तापविण्याचे भांडे, ढवळण्याची सोय, शुद्ध रसायने आणि थेंब मोजून सोडणारा शिस्तीचा हात. यांतील पहिल्या तीन वस्तू विकत मिळतात. चौथी मात्र शाळा-महाविद्यालयांतच घडवावी लागते.